उभ्या उभ्या दिलेलं मत

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून निम्मीच वाकले आहे, उरलेला तू समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांची झोप मोडतोय? इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे आज ठीक आहोत, गेल्या महिन्यात नव्हतो, आणि तेच सांगायला हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून मला पत्र आवडतं. तर व्हरांड्यात जा, तुझ्या त्या लाडक्या हिरव्या खुर्चीत नीट टेकून बस आणि सावकाश वाच. आधीच सांगून ठेवते, मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको आहे.

तू सगळ्यांना सांगतेस की माझी बहीण गाण्याच्या विद्यापीठात आहे, आणि तिथे ती काय करते ते मात्र गिळून टाकतेस. मी तिथे बावीस वर्षं खोल्या उघडते, झाडते, पुसते, बंद करते आणि सभा असेल तेव्हा खुर्च्या मांडते. पण आता कान देऊन ऐक. मी त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाची सभासद झाले आहे. हसू नकोस. मीही आधी हसलेच होते. नियामक मंडळ म्हणजे जे सगळं ठरवतं ते. कुणाला नेमायचं, काय शिकवायचं, कुठली खोली कशाला द्यायची, सगळं. (गाणं कुणाला येतं हे मात्र ते ठरवत नाहीत. ते ठरवायला लागले असते तर मंडळात चौघेसुद्धा उरले नसते.) झालं असं की वरून नवा कायदा आला, की मंडळात जे शिकवत नाहीत अशांपैकीही एक माणूस हवा. मग आम्हा सगळ्यांची सभा झाली. कारकून म्हणाला मला वेळ नाही, फाटकावरचा म्हणाला मला भीती वाटते, आणि मी त्या वेळी खालच्या मजल्यावर गळक्या नळाशी भांडत होते. वर येऊन बघते तर मी निवडून आलेली. जो हजर नाही त्याच्या गळ्यात घालायचं, अशी आमच्याकडची निवडणूक.

आता मंडळात कोण कोण असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कुलगुरू धरून जुने बारा. गायनाचे एक प्रमुख, वादनाचे एक प्रमुख, आणि हे दोघे एकमेकांकडे कधी बघत नाहीत. मास्तरांनी निवडलेले तिघे. सरकारने पाठवलेले दोघे, जे आल्याबरोबर घड्याळ बघतात. एक वकीलबाई, तोंडाने माझ्यासारखीच पण शिकलेली. जुन्या विद्यार्थ्यांकडून एक. एक म्हातारे नामांकित गवई, ज्यांना आम्ही खाजगीत डुलकीबुवा म्हणतो. आणि एक देणगीदार, ज्यांचं नाव इमारतीवर इतक्या ठिकाणी आहे की नवीन मुलांना वाटतं तो जिन्याचाच पत्ता आहे. या सगळ्यांना मी बावीस वर्षं ओळखते, पण तोंडावरून कमी आणि खुर्चीवरून जास्त. कोणाची खुर्ची मागे सरकलेली असते (सरकारी), कोणाच्या खाली शेंगांची टरफलं असतात (वादन), कोण खुर्चीचा हात नखाने कुरतडतो (ते नाव कागदावर नको).

मतं कशी घेतात तेही ऐक, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. जगात सगळीकडे हात वर करतात. इथेही आधी करायचे. पण सगळे पडले गाणारे वाजवणारे. कोणी बोलताना हात हवेत फिरवतो, कोणी मांडीवर ताल धरतो, कोणाला मनातली जागा सापडली की हात आपोआप वर जातो. मोजणारे कुलसचिव वेडे व्हायची पाळी आली. एकदा म्हणे बारा माणसांची सतरा मतं पडली. तेव्हापासून नियम झाला, की ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी उभं राहायचं, ज्यांना नाही त्यांनी बसून राहायचं. डुलकीबुवा सभेत झोपलेले असतात, त्यामुळे ते गेली नऊ वर्षं प्रत्येक ठरावाच्या विरोधात आहेत. बाहेर त्यांना फार बाणेदार समजतात.

पहिल्या सभेच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी दालनात गेले. टेबल पुसलं, पाण्याचे पेले मांडले, खुर्च्या लावल्या. (आमच्या खुर्च्या तुला ठाऊक आहेतच, हिरवी मखमल आणि कडेने पितळी खिळे.) लोक आले, बसले. मी नेहमीसारखी खिडकीशी उभी राहिले. कुलगुरूंनी नव्या सदस्याचं स्वागत केलं, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता लक्षात आलं की ते माझंच स्वागत होतं आणि मला खुर्चीच नाही. बावीस वर्षांची सवय, हाताने बाराच मांडल्या. ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. बाहेर जाऊन एखादं स्टूल ओढत आणावं आणि सगळ्यांनी बघावं, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. अडीच तास राहिले. कुणी एका शब्दाने विचारलं नाही, बाई बसत का नाही म्हणून. मी तिथे उभीच असते, त्यात विचारायचं काय?

पाचवा विषय निघाला. कुलसचिवांनी वाचलं की तळमजल्यावरील अल्पवापर असलेल्या अवकाशाचं पुनर्नियोजन करण्यात यावं. मला त्यातला फक्त तळमजला कळला. अनुकूल असणाऱ्यांनी उभं राहावं म्हणाले. सहा जण उठले. कुलसचिवांनी पेन्सिल नाचवत मोजलं, सात उभे, सहा बसलेले, ठराव मंजूर. मी म्हटलं, चला, एकदाचा पुढचा विषय. सभा संपल्यावर देणगीदार हसत हसत माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या एका मताने काम झालं. आता तिथे असा स्वागतकक्ष करतो की बघत राहाल."

"तिथे म्हणजे कुठे?"

"अहो, ती वाद्यं दुरुस्तीची खोली हो. जिन्याखालची."

ताई, माझ्या पायाखालची फरशीच सरकली. ती खोली म्हणजे यांची खोली! एकोणतीस वर्षं हे तिथे बसतात. फुटलेली व्हायोलिनं, घसा बसलेल्या पेट्या, मुलांनी आपटलेल्या बासऱ्या, सगळं तिथे येतं आणि बोलकं होऊन जातं. तारेला नुसतं बोट लावून हे सांगतात की काय दुखतंय. माझं कधी सांगितलं नाही, पण ते जाऊ दे. आता वाद्यं बाहेर पाठवणार आणि यांना फाटकावर बसवणार, गाड्यांचे नंबर लिहायला. आणि हे सगळं बायकोच्या मताने!

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली. हे दारातच.

"तू उभी राहिलीस म्हणे."

"अहो, खुर्ची नव्हती!"

"खुर्च्या कोण मांडतं?"

त्यानंतर नऊ दिवस घरात यांचा शब्द नाही. मीठ हवं असेल तर डबा दोनदा टकटक, पाणी हवं तर पेला एकदा. मी चिडून एकदा म्हटलं, अहो, मी बायको आहे, तबला नाही. तरी टकटकच. चिडचिड माझी यांच्यावर नव्हती गं. हत्यारं पुसून पुसून एका फडक्यात बांधून ठेवत होते ते बघवत नव्हतं.

मी वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, झालेला ठराव आता उलटत नाही, पण मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे काय काय घडलं त्याचा कागद, पुढच्या सभेत सगळ्यांच्या सहीने कायम होतो. सही करण्याआधी वाचायचा हक्क प्रत्येकाला आहे, फक्त आजपर्यंत कुणी वाचलेलं नाही.

मग काय! पुढच्या सभेला मी यांच्या खोलीतलं तीन पायांचं स्टूल घेऊन गेले (एक पाय हलतो, बसलं की कुईं करतं) आणि टेबलाशी वकीलबाईंच्या शेजारी ठाण मांडून बसले. कागद फिरत माझ्याकडे आला. सगळे पेनाला टोपण लावून निघायच्या तयारीत. मी म्हटलं, मी वाचणार. चौथीपर्यंतच शाळा माझी, तू पाचवीत नापास झालीस म्हणून घरच्यांनी मलाही काढलं, ते मी विसरलेले नाही. अक्षराखाली बोट धरून, मोठ्याने, बावीस पानं. सरकारी दोघांनी घड्याळ बघून बघून मनगटं झिजवली. कुलगुरू म्हणाले, "बाई, मनात वाचलंत तरी चालेल." मी म्हटलं, मनात मला येत नाही. सतराव्या पानावर सापडलं, की नवनियुक्त सदस्येने उभे राहून ठरावास पाठिंबा दर्शवला. तिथे मी बोट रोवलं. म्हटलं, हे खोटं आहे. मी पाठिंबा द्यायला उभी नव्हते, बसायला काही नव्हतं म्हणून उभी होते. उठले म्हणायला आधी बसायला नको का?

सगळे हसले. वकीलबाई नाही हसल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं, की सदस्याने आसनावरून उठून मत द्यावं. ज्याला आसनच नव्हतं त्याचं मत मोजताच येत नाही, मोजणी चुकली, पुन्हा घ्या. कुलसचिव म्हणाले असं कधी झालं नाही. वकीलबाई म्हणाल्या असं कधी कुणी वाचलंही नाही.

पुन्हा मत. आता खरी गंमत. बसून राहायचं, एवढंच काम माझं, आणि तेवढंच मला जमेना! देणगीदार उठले, त्यांच्यामागे सरकारी दोघे, मास्तरांतला एक, वादनाचे प्रमुख. आणि मग कुलगुरू उठले. ताई, बावीस वर्षं ते उठले की मी उठते. पाय माझे नाहीतच, विद्यापीठाचे आहेत. गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले, स्टूल कुईं करून ओरडलं. मी दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली, डोळे मिटले आणि आई आपल्याला औषध पाजताना बसवायची ना, तशी बसले. तिकडे देणगीदारांनी डुलकीबुवांना कोपराने ढोसलं. ते दचकले, डोळे न उघडताच "वाहवा!" म्हणाले आणि परत झोपले. सहा उभे, सात बसलेले. ठराव पडला!

घरी आले. यांना आधीच कळलेलं. माझ्या हातातलं स्टूल घेतलं, उलटं केलं, फडकं सोडून हत्यार काढलं आणि तो हलणारा पाय पक्का केला. मग म्हणाले, "बस." नऊ दिवसांनी पहिला शब्द. बसले बाई. कुईं झालं नाही.

तर अशी ही हकिकत. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबर दुखते म्हणून पुरे करते.

तुझी,
धाकटी (नियामक मंडळ)

ता. क. एक सांगायचं राहिलं. सभा संपता संपता कुलसचिवांनी सामानाची वही उघडून बघितली. सदस्येला खुर्ची नसणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे म्हणाले, कारण वहीत हिरव्या मखमली खुर्च्या बारा नाहीत, तेरा आहेत. तेरावी कुठे गेली याचा शोध घ्यायला एक समिती नेमली. खुर्च्यांची माहिती सगळ्यात जास्त मलाच म्हणून अध्यक्ष मीच. अहवाल पुढच्या सभेत ठेवायचा आहे.

ता. क. २. भाऊजींचे साहेब जेवायला येणार होते, तुझ्याकडे एक धड खुर्ची कमी होती, आणि "दोन दिवसांत परत देते गं" म्हणून तू ती टेम्पोत घालून नेलीस, त्याला सहा वर्षं झाली. मी तुला काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण मांडताना माझा हात बारावर थांबतो तो सवयीने नव्हे, तुझ्यामुळे थांबतो, हे मला त्या उभ्या अडीच तासांत कळलं आणि मी ते मंडळाला सांगितलं नाही.

ता. क. ३. हे मागे उभं राहून वाचतायत. म्हणतायत, पितळी खिळा निघाला असेल तर खुर्ची तशीच पाठव, खोली आहे, बसवून देतो.

ता. क. ४. म्हणजे ताई, आता ऊठ.