सेंट ऑल्बन्सची तालीम

प्रिय सुलक्षणा,

लंडनातल्या लंडनात हॅरोहून हाउन्सलोला पत्र टाकणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर फोनवर बोलायची हिंमत नसलेला. मी दुसऱ्या जातीचा. गेल्या आठवड्यात राजीवचा फोन आला होता. आपल्या मराठी मंडळाच्या नव्या नाटकात तू आईचं काम नाकारलंस म्हणे. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, आमच्या आईची स्मृती गेली तसंच माझंही सुरू झालंय, असं तू त्याला सांगितलंस. अकरा वर्षांपूर्वी स्टेजवर गप्प झाले ना, तिथूनच सुरुवात झाली, असंही म्हणालीस. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

काल ज्युडिथ बापाला सेंट ऑल्बन्सचं रोमन थिएटर दाखवायला घेऊन गेली. थिएटर कसलं, गवताचे गोल बांध, गुडघ्याएवढ्या भिंती आणि पुन्हा उभा केलेला एकच खांब. तू म्हणाली असतीस, यापेक्षा आपल्या कम्युनिटी हॉलचं नेपथ्य बरं. खाली उन्हाळ्यातल्या कुठल्याशा नाटकाची तालीम चालली होती. एक मुलगी बोलता बोलता अडली आणि खुशाल ओरडली, ‘लाइन!’ थर्मास घेऊन खुर्चीत बसलेल्या एका आजीबाईंनी मान वर न करता वाक्य दिलं. मुलगी पुढे बोलू लागली. संपलं. कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. ज्युडिथ शेजारी सँडविच खात होती. मी तिथेच गवतात बसलो.

आपल्याकडे असं ओरडून मागत नाहीत. आपण नुसतं विंगेकडे बघतो आणि प्रॉम्प्टरवर सोडून देतो. तू गप्प झालीस त्या दिवाळीच्या प्रयोगाला प्रॉम्प्टर मी होतो. तुझं काम आधी ज्युडिथला हवं होतं, आठवतं? चाचणीला ती महिनाभर घोकून आली होती. इथे जन्मलेली पोर, तिचं ‘तो चावी’ ऐकून दिग्दर्शक अवधूत हसला, मग सगळेच हसले. तूही हसलीस. नंतर तूच तिला बाजूला घेऊन बसलीस, तेही मला माहीत आहे. ज्युडिथ ते दोन दिवसांत विसरली आणि तुझी साडी इस्त्री करायला धावली. राग धरून बसलो तो मी. गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवणारे आम्ही मराठी ज्यू, तरी तुमच्या नाटकात पाहुणेच, असलं काहीबाही मनात घेऊन.

काल परतताना गाडीत ज्युडिथला सगळं सांगितलं. तिने घरासमोर गाडी लावली. मग म्हणाली, उद्या लिही, नाहीतर मीच हाउन्सलोला जाते. वर म्हणाली, माझ्यासाठी केलंस असं मात्र तिला सांगू नकोस.

म्हणून लिहितोय. तू विंगेकडे पाहिलंस तेव्हा संहिता माझ्या हातात होती, त्या ओळीवर माझं बोट होतं आणि मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांदा पाहिलंस तेव्हाही नाही. पडदा पडल्यावर सगळ्यांना सांगितलं, पान उलटताना गोंधळ झाला. तू एक ओळ विसरलीस, सुलक्षणा. सगळेच विसरतात, त्यासाठीच तर मी तिथे उभा होतो. तुझ्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. आईला झालं तेच आपल्याला, या भीतीत तू अकरा वर्षं काढलीस, आणि मला ते ठाऊक नव्हतं हे काही निमित्त नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. रविवारी मंडळात सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे. माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते. तू काम घे एवढंच. ती ओळ अशी होती: ‘मी घर सोडलं नव्हतं, दादा. मला कुणी थांब म्हटलंच नाही.’

तुझाच, फार उशिरा बोललेला,
गिडियन