ऐकू आलेला सत्कार

प्रिय अप्पा,

तुम्ही पापनाशमच्या भातगिरणीत सकाळच्या पाळीला गेला आहात, तीनच्या बसने याल. तेवढ्यात हे लिहून व्हायला हवं. कालपासून घरातला फोन वाजला की मी आधी धावते. अम्मा म्हणते, कुणाची वाट बघतेस, नाव तरी सांग. तिला ती गंमत वाटते.

सोमवारी गिरणीच्या नव्या ऑफिसातून फोन आला. बाई इंग्रजीत बोलतात म्हणून तुम्ही तो माझ्या हातात दिलात. बारा वर्षांची असल्यापासून घरातला इंग्रजी कागद मीच वाचते, आणि पदवी मिळाल्यावर तर तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारणंच सोडलंत. बाई म्हणाल्या, शुक्रवारी अकराला त्यांना पाठवा, आम्ही त्यांना... आणि मी ऐकलं 'फेलिसिटेट'. कॉलेजात शिकवलं होतं, याचा अर्थ नुसतं अभिनंदन करणं. पण आपल्या तंजावरात तो शब्द आला की शाल, हार आणि चौकात फोटोचा फलक. मी फोन ठेवला आणि म्हटलं, अप्पा, तुमचा सत्कार आहे.

तुम्ही खुर्चीत बसलात, उठलात, परत बसलात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारचे वेंकटरावमामा तुम्हाला म्हणाले, शाल मला दे रे तुळजा, या उकाड्यात तुला काय करायची. अम्माने तुमची लग्नातली, धोतरासारखी नेसायची रेशमी वेष्टी उन्हात घातली. माझ्याकडून सहा ओळींचं तमिळ भाषण लिहून घेतलंत, ते न्हाणीघरात पाठ करता. अम्मा बाहेरून म्हणते, एकतीस वर्षं यंत्राशी बोललात, माणसं ऐकतात का बघू.

काल त्याच बाईंचं पत्र माझ्या मेलवर आलं. शब्द 'फॅसिलिटेट' आहे. म्हणजे सोपं करून देणं. नवीन यंत्र आलं, तुमची जागा उरली नाही. तुम्हाला कामावरून मोकळं करायचं आहे आणि ते काम शुक्रवारी सोपं करून देणार आहेत. सह्यांसाठी बोलावलंय.

त्या बाईंचा उच्चार वाईट नव्हता. माझ्या मनात तुमचा सत्कार कधीचाच ठरलेला होता, म्हणून कानांनी तोच ऐकला. आता डोळे मिटले की तुम्ही रेशमी वेष्टीत त्या ऑफिसात उभे दिसता, मामा मागे फोटो काढायला, आणि त्या बाई पेन पुढे करतात. त्या पेनाची मला भीती वाटते. त्याहून जास्त तुमची. तुम्ही रागावणार नाही. असू दे म्हणाल, आणि पुढचा कागद मला न सांगता दुसऱ्या कुणाकडे न्याल.

वाचनालयाच्या वर्गात शिकलेल्या देवनागरीत हे लिहिते आहे. तुम्हाला ही लिपी येत नाही; आपलं मराठी घरात बोलण्यापुरतं, लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. तमिळमध्ये लिहिलं असतं तर कागद तुमच्या उशीवर ठेवून मी बाहेर निघून गेले असते. आणि नुसतं तोंडाने सांगायला बसले तर तुमचा चेहरा बघून शब्द बदलेन. म्हणून हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचावं लागेल, तुमचं जेवण झाल्यावर, लिहिलंय तसं. मध्ये अडखळले तर एवढंच म्हणा, पुढे वाच.

तुमचीच, घाबरलेली
विनुता