बाबाले गॅस नव्हता

धानोरा,
ता. १४ जून

लालसूदादा,

जोहार. दिव्यानी वहिनीले बी जोहार. पोट्ट्याच्या गालाले माह्याकडून एक चिमटा घे. माहं अक्षर पाहून हासू नोको. आठवीत शाळा सोडली तवा मास्तरच खूश झाला होता.

फोन काऊन नाई केला म्हणशीन. केला का तू 'रेंज नाई' म्हणून काटून देते. कागद कसा काटशीन? आपल्या गावचा झिंगू तिकडं सिरोंच्याले येऊन राह्यला, त्याच्याच हातानं चिठ्ठी धाडतो. त्याले सांगतलं, दादानं पुरं वाचल्याबिगर उठू नोको, चहा मागत बस.

इथी बरं हाय. धानाचे पऱ्हे टाकले. माय आता थोडं जेवते. शेळीले दोन पिल्लं झाले. एक तुह्यासारखं हाय, दिसभर मायच्या मागं अन् कामाचं नाव नाई.

वहिनीचा फोन आला होता. तू मिरचीचं पोतं उचललं का मधातच थांबते म्हणे, छाती दाबते, अन् 'गॅस हाय' म्हणून बिडी पेटवते. ती रडून राह्यली होती.

दादा, बाबाचं मी तुले पुरं नाई सांगतलं. तू पोचला तवा माती होऊन गेली होती. मी म्हणलो, तेंदूपत्ता तोडता तोडता गेला. तसं नाई झालं.

पत्ता तोडून झाला होता. पुडे बांधता बांधता बाबा छाती धरून बसला. घामानं शर्ट ओला, डावा हात चोळून राह्यला. मी म्हणलो, "बाबा, दवाखान्यात चाल."

"गॅस हाय बे. बिडी ओढली का ढेकर येते, मोकळं होते."

आपल्याकडं सगळे असंच करतेत. इतवारीकाकानं तं काडी बी पेटवून देल्ली, चांगल्या मनानं देल्ली. बाबानं दोन ओढल्या. ढेकर आला बी. मले म्हणे, "पाय, झालं ना?" अन् पुन्हा पुडे बांधाले लागला. मंग तिथंच कलंडला.

दवाखान्यात नेतानी गाडीत त्याचं डोस्कं माह्या मांडीवर होतं. म्हणे, "बिरजू, एखांदी गंमत सांग ना बे." गावभर मी लोकायले हासवतो, दादा. बाबाले सांगाले एक बी नाई आठवली. मी नुसता त्याच्या कपाळाचा घाम पुसत राह्यलो.

डॉक्टरीनबाई म्हणे, गॅस नव्हता. हृदयाची नस बंद पडली. बिडीनं नस सालोसाल आतून खराब होत जाते. दुखतानी ओढली तं आखीन आवळते. लवकर आणला असता तं इलाज होता.

म्हणून मी येत्या गुरवारी येऊन राह्यलो. तुले दवाखान्यात नेतो, हृदयाची पट्टी काढू, ईसीजी म्हणतेत ते. नाई म्हणशीन तं तुह्या मालकासमोर पाय धरून गळा काढीन. मले लाज नाई, तुले ठाऊक हाय. तवरी बिडीले हात लावू नोको. मधात दुखलं तं माही वाट पाहू नोको, वहिनीले घेऊन सरळ दवाखान्यात जाय.

आता माय बाजूले येऊन बसली. विचारते, "लालसूले लिहून राह्यला का? बरा हाय ना तो?"

मी 'हो' म्हणलो. मले खोटं नोको पाडू, दादा.

तुह्या पाठचा,
बिरजू