मोठी सोय

मंगळवार, संध्याकाळ

शिसारी आली आज. गावाहून आणलेले वडील, अण्णा, सीटी मशीनवर पालथे पडलेले. कमरेच्या हाडाचा तुकडा तपासायला काढायचा होता. काचेमागून डॉक्टर माइकवर गुजरातीत म्हणाले, "काका, हवे मोटी सोय आवशे." गुजरातीत सोय म्हणजे सुई; आता मोठी सुई येईल, असं सांगत होते. अण्णांना ते कुठून ठाऊक? म्हणाले, "मोठी सोय कसाले? साधी चाली." काचेमागे सगळे खिदळले. कमरेत भुलीची बारीक सुई रुतलेली, आणि हे खिदळतात! टेक्निशियन तर येईल त्याला सांगत सुटला, "काकाने साधी सोय आपजो!" काकांना साधीच द्या म्हणे! थू! मला आत सोडलं नाही, पण उघड्या दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं; ते खिदळणं अजून कानात आहे.

रिक्षात अण्णा कण्हत म्हणाले, "सोय चांगली करी त्यासनी. हसरा लोके शेतस." हसरी माणसं आहेत म्हणे!