आय ॲम सिटिंग

१६ नोव्हेंबर, रविवार

आय ॲम सिटिंग! सगळ्यांसमोर हेच बोलले मी!

बघायला आले होते. मुलगा प्रितेश, काल्हेरचा. मी चहा देऊन बसले. त्याने इंग्लिशमध्ये विचारलं – व्हॉट डू यू डू? म्हणजे काय काम करता. मला वाटलं, आत्ता काय करताय. बसलेय, म्हटलं. सगळे हसले, धनेशदादा सगळ्यात मोठ्याने. सख्खा भाऊ! पाहुणे गेल्यावर वर आणि म्हणतो, धामणकर नाक्यावर इंग्लिशच्या क्लासला जाऊन हेच शिकतेस का.

डोकं नुसतं तापलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्लासमध्ये विपुल सरांना सांगितलं. ते हसले न्हाईत. फळ्यावर दोन्ही वर्तमानकाळ लिहिले. साधा – रोजच्या कामाला. चालू – या घडीला जे चाललंय त्याला.

हे मला येतं! माणसं टक लावून बघायला लागली की पळून जातं. ज्या नोकरीसाठी मी हा क्लास लावलाय, त्या गोदामाच्या ऑफिसातल्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो, सर म्हणाले. मग काय सांगू? आय कुक. दादाच्या कापडाच्या लूमवरच्या कामगारांचे डबे रोज मीच करते. दादाने कधी त्याला काम म्हटलंय?

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रितेशकडून होकार आला. पण क्लास बंद, मुलाखतही न्हाय. दादा म्हणाला, त्यांची अट आहे. आणि हा त्यांना हो म्हणूनही आला! मला विचारलंसुद्धा न्हाय. आई म्हणाली, जागृती, चांगलं स्थळ हाय, एवढं सोड.

जेवले न्हाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कणीक इतकी मळली की हात दुखले. त्या प्रितेशचा राग येतोय. स्वतः इंग्लिश झाडतो आणि बायको मुकी हवी!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कणीक मळता मळता आईच्या मोबाइलवरून, स्पीकरवर ठेवून, त्यालाच फोन लावला. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. तुमची अट मला मान्य न्हाय, म्हटलं.

तो म्हणाला, “कसली अट? तुमचे दादाच म्हणाले, क्लास-बिस सगळं बंद करतो, पोरगी तुमच्या डोक्यावर बसणार न्हाय.”

आई शेजारीच होती. तिने सगळं ऐकलं. माझ्यापुढची कणकेची परात ओढून घेतली, म्हणाली, “तू क्लासला जा. धनेश येऊ दे घरी, त्याच्याशी मी बोलते.”