विहीर इंदापूरला नेताना

८ जानेवारी
ज्ञानेशने साउंड माझ्याकडे दिला. एकदाचा! तो आमच्या बँकेच्या नाटक ग्रुपचा दिग्दर्शक. नाटकात तीन जागा: स्वयंपाकघर, गाभारा, विहीर. सेट नाही. प्रेक्षकाने डोळे मिटले तरी जागा कळेल, असं मी त्याला सांगितलं. उघडे ठेवून कळली तरी पुरे, म्हणाला. व्हिजन नाही.
यशोदा लग्नापासून विचारते, नाटकात तुम्ही नेमकं करता काय? यंदा तिला पहिल्या रांगेत बसवणार. कळू दे.

११ जानेवारी, रविवार
कन्हेरी गावी गेलो. तयार इको वापरायचे नाहीत, हा नियम. तिथले शेतकरी दत्तोबा, त्यांच्या विहिरीवर ओणवा होऊन टाळ्या वाजवल्या, रेकॉर्ड केल्या. आता सॉफ्टवेअर त्या घुमण्यावरून नटाच्या माइकला हीच विहीर लावेल, तो विहिरीतूनच बोलतोय असं वाटेल. दत्तोबा धावत आले, हिरीत काय पडलं म्हणून. काय न्हाय म्हटल्यावर म्हणाले, मग टाळ्या कुणासाठी? कलेचं यांना काय!
मागे पाण्याच्या मोटारीची घरघर आलीय. वास्तववाद.

१८ जानेवारी
देवळात गर्दी. गाभारा आमच्या बाथरूममध्ये घेतला. फरशी तीच. टाळ्या ऐकून यशोदा बाहेरून म्हणाली, अहो, बरं आहे ना?
हेडफोनवर साक्षात देव!
ज्ञानेश म्हणतो, इंदापूरचं मंगल कार्यालय बघून ये, प्रयोग तिथे आहे. कशाला? जागा मी बरोबर आणतोय.

२५ जानेवारी, दुपारी ४
प्रयोग उद्या. कार्यालयात टाळी वाजवली. वर पत्रा. टाळी जाता जाईना. थोडा चपापलो. पण इथे मंगलाष्टकं होतात, लग्नं काही अडलेली नाहीत.

२६ जानेवारी
पहिल्या अंकात रेश्मा, आमची नायिका, 'चहा ठेवू का' म्हणाली. पत्र्याने तो चार वेळा ठेवला. त्यात भर म्हणून माझा गाभारा, मोटारीसकट विहीर. कार्यालयाच्या मालकीणबाई द्वारकाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, बोलतीया का रडतीया ती? हाय कुठं? मागून कुणीतरी सांगितलं, कार्यालयात हाय.
मध्यंतरात ज्ञानेशने माइक बंद केले. माझी वायर उपटून माझ्याच हातात दिली. दुसरा अंक सगळे पुढे येऊन नुसत्या गळ्याने, सावकाश बोलले. विहिरीत अडकलेल्या रेश्माची हाक पत्र्याखाली अशी घुमली की द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग टाळ्याच टाळ्या.
एसटीत यशोदाने माझा हात धरला. म्हणाली, अहो, आज कळलं तुम्ही काय करता ते. त्या हाकेने अंगावर काटा आला.
फार वाईट वाटलं. कौतुक पत्र्याचं होतं.
मी थँक्यू म्हणालो.