उर्केनच्या लाल बॅगेची डागडुजी

३ ऑक्टोबर, सकाळ
यांजीचा फोन. वारा असला की खुमजुंगला फोनवर अर्धं बोलणं येतं, अर्धी खरखर. मला ऐकू आलं ते असं : "पाला... या वेळी नाही म्हणायचं नाही... बेस कॅम्पला यायचंच... झोपायची बॅग..." पाला म्हणजे बाप, म्हणजे मीच. मी हो हो म्हणालो. फोन तुटला.
अर्थ स्पष्ट आहे. माझी मुलगी पहिल्यांदाच स्वतः म्होरकी होऊन आमा दब्लम शिखरावर टोळी नेते आहे. बापाच्या अनुभवाशिवाय तिचं अडणार. तिने तसं म्हटलं नाही, पण लेकी असं तोंडाने म्हणत नसतात.
गुडघे ठीक. दम ठीक. बॅग माझ्याकडे आहेच. लाल, आत हंसाची अस्सल पिसं. एका जुन्या मोहिमेनंतर हान्स साहेबाने स्वतःच्या हाताने दिलेली. थोडी डागडुजी केली की झालं.
मोहिमेचा म्होरक्या रोज डायरी लिहितो. आजपासून मीही. लामूला, म्हणजे यांजीच्या आमाला, इतक्यात सांगायचं नाही. बायका उगाच काळजी करतात.

५ ऑक्टोबर
माळ्यावरून बॅग काढली. जराशी चपटी झाली आहे. लामू म्हणाली, "जराशी? माझी बटाट्याची पोळी हिच्याहून जाड असते."
पायाच्या बाजूला उंदरांनी संसार थाटलेला. ही चांगली खूण आहे. उंदीर थंड जागी पिल्लं घालत नाहीत.
लामूने विचारलं, बॅग कशाला? म्हटलं, सहज. "सहज म्हणून माणूस भिंत रंगवतो, उंदरांच्या बाळंतिणीची खोली उपसत नाही," म्हणाली. तिला संशय आला आहे.

७ ऑक्टोबर
नामचेला उतरलो. ग्याल्झेनचं तिथे पहाडी सामानाचं दुकान आहे. एके काळी आम्ही दोघं एका दोराला बांधलेले असायचो. आता तो गल्ल्याला बांधलेला आहे. त्याने बॅग दोन बोटांनी उचलली, वास घेतला आणि म्हणाला, "उर्केनदाइ, हिला घेऊन इथे कशाला आलास? गुंबात जा. लामा मंत्र म्हणतील, हिला मुक्ती मिळेल."
मग नवी निळी बॅग माझ्या हातात दिली. वजनच नाही! इतकी हलकी वस्तू माणसाला काय ऊब देणार? तसं त्याला सुनावलं. तो म्हणाला, पिसांसाठी साबण तरी वेगळा घे, साध्या पावडरीने पिसांतलं तेल निघून जातं. दुकानदाराने असंच बोलायचं असतं. आमच्या लॉजच्या चादरी इतकी वर्षं साध्या पावडरीत धुऊन निघताहेत. चादरींनी कधी तक्रार केली नाही.
परतीच्या चढावर मुद्दाम तीनदा बसलो. देखावा बघायला.

९ ऑक्टोबर
आज धुलाई. पाणी आधी चहासारखं झालं, मग शाईसारखं. लामू डोकावून म्हणाली, "हान्स साहेब अजून आतच आहे का?"
पावडर दुप्पट घातली. ओली बॅग एका टोकाला धरून उचलायला गेलो तर वजन याकच्या पारड्याएवढं. आत कुठेतरी चर्रकन वाजलं. जुन्या शिवणी पाण्याने सैल होऊन जागेवर बसत असाव्यात.

१३ ऑक्टोबर
बॅग अजून बटाट्याच्या वावराच्या दगडी भिंतीवर. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग, पहाटे बॅग फळीसारखी कडक. पिसं सगळी पायाकडे जमून त्यांच्या मोमोएवढाल्या गोळ्या झाल्या आहेत. वरचा भाग नुसतं कापड. एका अर्थी सोयीचंच, बेस कॅम्पला पायच आधी गारठतात.
लॉजवर उतरलेली ऑस्ट्रेलियन बाई म्हणाली, त्यांच्याकडे अशी बॅग वाळवायच्या यंत्रात टेनिसचे चेंडू टाकून फिरवतात, म्हणजे गोळ्या फुटतात. यंत्र नाही. चेंडू नाहीत. पण खुमजुंगमध्ये बटाट्यांना तोटा नाही! डोकं असं चालायला लागतं. बॅगेत बटाटे भरले, तोंड बांधलं आणि वावराच्या उतारावरून गडगडत सोडली.
उतार मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बॅग शेजाऱ्यांच्या कुंपणात सापडली. एक भोक. बटाटे बहुतेक सगळे परत मिळाले.

१५ ऑक्टोबर
भोकाला चिकटपट्टी लावली. पिसं कमी पडताहेत. दारामागे कधीचा एक जुना पिसांचा कोट लटकत होता, कुणी घालताना दिसायचं नाही. उसवून आतलं सगळं बॅगेत भरलं. पिसं नव्हतीच ती, कापसासारखं काहीतरी. पण जागा भरली.
संध्याकाळी कळलं, कोट लामूचा. यांजीने पहिल्या पगारातून आणलेला. खराब होईल म्हणून ती घालत नव्हती.
लामूने रिकामा कोट घडी करून पेटीत ठेवला. म्हणजे फारसं मनाला लावून घेतलं नसावं. जेवण मात्र माझं मीच वाढून घेतलं.

१८ ऑक्टोबर, सकाळ
काल बॅगेची परीक्षा, अंगणात, उघड्यावर. परीक्षा यशस्वी. थंडी अजिबात वाजली नाही. दात वाजत होते ते सवयीने.
उजाडल्यावर एक किरकोळ अडचण. झिप गळ्यापाशी अडकली. हात आत, डोकं बाहेर. थोडा वेळ वाट पाहिली, मग हाका मारल्या. लॉजचे पाहुणे आले आणि त्यांनी आधी फोटो काढले. मग लामू मांस कापायचा सुरा घेऊन आली. सुरा हातात धरून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत उभी राहिली, असं मला वाटलं.
मग कापली. पिसं वर उडाली, अंगणभर, पाहुण्यांच्या खिरीत, त्यांच्या केसांत. ऑस्ट्रेलियन बाई म्हणाली, किती सुंदर तरंगताहेत! म्हणजे पिसं पुन्हा फुलायला लागली आहेत. ग्याल्झेनला हे दाखवायला हवं होतं.
आज शिवायला बसणार.

२० ऑक्टोबर
यांजी टोळी घेऊन आली. काखेत नवी निळी बॅग. मी घसा साफ करून म्हणालो, बाळ, माझी जुनी जवळजवळ तयार आहे, पण तुझं मन मोडायचं नाही म्हणून ही घेतो.
ती म्हणाली, "पाला, ही आमाची आहे."
मला वाटलं, परत खरखर.
"फोनवर सांगितलं होतं ना? आमाला म्हणावं, या वेळी नाही म्हणायचं नाही, बेस कॅम्पला यायचंच, झोपायची बॅग मी आणते. तुम्ही हो हो म्हणालात!"
लामू पिठाच्या हातांनी दारात उभी. "मी? वर?" एवढंच म्हणाली. मी मोहिमांवर असताना रोज सकाळी अंगणात धूप जाळून ती वरच्या ढगांकडे बघत बसायची, हे मला तिच्या आईकडून कळलं होतं. ती स्वतः गुरांच्या कुरणापलीकडे कधी गेली नाही. कुणी ये म्हटलंच नाही. कुणी म्हणजे मी.
"आणि लॉज कोण बघणार?" लामूने विचारलं. मग दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या.
"आमा, तो कोट घे, मी आणलेला," यांजी म्हणाली.
मी याक बांधलेत का बघायला बाहेर गेलो. आमच्याकडे याक नाहीत.

२२ ऑक्टोबर
गेल्या. लामूच्या अंगात माझा कोट, बाह्या दुमडलेल्या. कोटाबद्दल तिने यांजीला एक अक्षर सांगितलं नाही. फाटकाशी थांबून मला म्हणाली, "चूल विझू देऊ नका, पाहुण्यांवर ओरडू नका, आणि त्या बॅगेला आता सोडा बिचारीला."
लॉज चालवणं म्हणजे काही शिखर नव्हे. दोन दिवसांत शिस्त लावून दाखवतो.

२६ ऑक्टोबर, दुपार
बेस कॅम्पहून लामूचा फोन. नेमकी आजच लाईन लख्ख. म्हणाली, बॅगेत इतकं उकडतं की झिप उघडून झोपावं लागतं. म्हणाली, डोंगर इतका जवळ आहे की बोलताना आपोआप आवाज खाली येतो. मग जराशाने, "इतकी वर्षं तुम्ही हे बघत होतात आणि मी विचारलं की म्हणायचात, काही नाही गं, नुसता बर्फ असतो."
मी म्हटलं, हो, बर्फ असतोच.
टोळी शिखरावरून उतरेपर्यंत ती तिथेच राहणार आहे. मी म्हटलं, राहा, इथे सगळं उत्तम चाललंय. मध्येच खोकला आला, तो चुलीच्या धुराने. पाहुणे पहिल्याच दिवशी माझ्या हातचं जेवून शेजारच्या लॉजमध्ये गेले. परत आले नाहीत. ऑस्ट्रेलियन बाई जाताना पाठीवर थोपटून गेली.
फोन बंद झाल्यावर आठवलं, मीठ कुठे ठेवलंय ते विचारायचं राहूनच गेलं.